अक्का, ते ठिगळ माझं होतं

श्रद्धांजलीचा लेख म्हणलं की वाचणारा आधीच तोंड बारीक करून बसतो. आता मनमिळाऊ येणार, मग हसतमुख येणार, मग कधी कुणाला दुखवलं न्हाई येणार, आणि शेवटाला नियतीला काही वेगळंच मंजूर असणार. बसा तसेच. ह्यातलं काही येणार न्हाई. आमच्या ऑफिसातली अक्का हसतमुख नव्हती. सकाळचा चहा पोटात जाईपर्यंत तिच्यापुढं उभं राहायची सोय नव्हती. आणि दुखवायचं म्हणाल तर ऑफिसातली स्टीलची पट्टी तिनं मापाला कमी आणि माझ्या टाळक्यात घालायला जास्त वापरली.

शिरूर अनंतपाळचे माझे शाळेतले दोस्त हे वाचत असतील तर ते वेगळ्याच गोष्टीची वाट बघत असतील. ह्यानं हेडमास्तरांचा आवाज काढला, स्टँडवरच्या कंट्रोलरचा काढला, कंट्रोलर होऊन निलंग्याची माणसं उदगीरच्या गाडीत बसवली. आता हा अक्काचा काढणार. न्हाई काढणार. दोनदा नको तिथं काढला, तेवढं लई झालं.

अक्का, आता तुझ्याशी बोलतो. ह्यांना बसू दे बाजूला.

तुझ्या खुर्चीवर साहेबांनी नकाशे छापायच्या प्लॉटरच्या कागदाचं भेंडोळं ठेवलंय. कुणी बसू नये म्हणून ठेवलंय का जागा न्हाई म्हणून, मला कळत न्हाई आणि विचारायची हिंमत होत न्हाई. मी सध्या ऑफिसात इतका गप असतो की चहावाला परवा म्हणला, दाढ दुखायली का.

मी लातूरला ह्या ऑफिसात आलो तेव्हा मला वाटायचं, नकाशा काढणं म्हणजे कॉम्प्युटरवर रेघा मारणं. गावोगावच्या पाण्याच्या योजना, त्यांच्या पाइपलाइनी, एवढंच तर काम. तू मला पहिल्याच आठवड्यात जीपमध्ये घालून एका गावाला नेलंस आणि व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये उतर म्हणलीस. नवी पँट होती माझी. आत चिखल, बेडूक, आणि एक जुना पाइप आडवा गेलेला. तू वरनं वाकून विचारलंस, काय काय दिसायलंय. मी म्हणलं बेडूक. तू म्हणलीस, बेडूक सोडून. तो जुना पाइप मी सांगेपर्यंत तू मला वर घेतलं न्हाई. मग डब्यातली करडईची भाजी आणि भाकरी दिलीस, आणि माझ्या पँटीकडं बघून इतकी हसलीस की ड्रायव्हर बी बघायला लागला. त्या दिवसापासनं मी तुझा आवाज काढायला लागलो.

तुझा आवाज काढायला सोपा होता. जरासा बसका, वाक्याच्या शेवटी एकदम खाली जाणारा, आणि राग आला की देगलूरचं तेलुगू. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता पण मी जसंच्या तसं म्हणायचो. एकदा तुझा भाऊ देगलूरहून आला होता. मी त्याच्यासमोर ते म्हणून दाखवलं तर तो खुर्चीवरनं उठलाच. तू मधी पडली नसतीस तर मी लातूर सोडलं असतं.

तर ती ठिगळं. हे वाचणाऱ्यांना सांगावं लागंल, तुला न्हाई. नकाशावर व्हॉल्व्ह, हातपंप, झाड, लाइटचा खांब ह्यांची चिन्हं असतात. एकदा काढून ठेवायची आणि लागंल तिथं टाकायची. आपल्या ऑफिसातली सगळी चिन्हं तू काढलेली. पण चिन्ह टाकलं की मागची रेघ त्याच्या पोटातून आरपार जाते. आकडा दिसत न्हाई, खूण वाचता येत न्हाई. म्हणून चिन्हाच्या पाठीला पांढरं ठिगळ लावायचं, म्हणजे मागचं तेवढं झाकलं जातं. तू ही ठिगळं हातानं लावायचीस. चिन्हाच्या कडेकडेनं माऊस फिरवत, गोधडीला टाका घातल्यासारखं.

मी म्हणलं, अक्का, मी एक कमांड लिहितो. एकदा मारली की सगळ्या चिन्हांना आपोआप ठिगळ.

तू म्हणलीस, लातुरात आपोआप फक्त लाइट जाते.

मी इंटरनेटवर बघून बघून लिहिलीच ती. कमांडनं प्रत्येक चिन्ह उचलायचं, त्याची बाहेरची कड शोधायची, तेवढ्या आकाराचं ठिगळ कापायचं, चिन्हाच्या पाठीमागं सरकवायचं आणि चिन्ह जागेवर ठेवायचं. पहिल्यांदा चालवली तेव्हा ठिगळं पाठीला बसायची ती तोंडावर बसली. सगळ्या शीटवरची चिन्हं गायब. पांढरे पांढरे डाग. तू चष्मा वर करून बघितलंस आणि म्हणलीस, तुझ्या गावात व्हॉल्व्ह न्हाई, हातपंप न्हाई, झाड बी न्हाई, माणसं कशाला ठेवलीस रे. पण मग माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसलीस, आणि कुठली गोष्ट वर आणि कुठली खाली, हा क्रम कसा बांधायचा ते मला तूच सांगितलंस. कमांड लिहिता येत नव्हती तुला, पण खालीवर काय असतं ते तुझ्याइतकं कुणाला कळत नव्हतं. कमांड चालली. मी तिला नाव दिलं अक्का. ती चार इंग्रजी अक्षरं टाईप करायची आणि एंटर. तू म्हणलीस, माझ्या नावानं ठिगळं लावतोस का, आणि पट्टी उचललीस. पण तुला आवडलं होतं. दुपारी घरी फोन करून दाजींना सांगत होतीस, मी ऐकलं.

भांडण पुढं झालं. तू म्हणलीस, झाडामागं काय बी लपव, खांबामागं लपव, पण व्हॉल्व्हच्या खड्ड्यामागं काही लपवायचं न्हाई. तिथं खोदणार असतात. खालून जुनी लाइन गेली असंल तर ती दिसलीच पाहिजे, मग चिन्ह कितीबी घाण दिसू दे. मी म्हणलं, शीट स्वच्छ पाहिजे अक्का, साहेबांना स्वच्छ आवडते. तू म्हणलीस, शीटचं लग्न जमवायचंय का. मग म्हणलीस, तुझी कमांड चिन्ह बघते, चिन्हाच्या खाली काय हाय ते बघत न्हाई. तिला ते बघायला शिकव, मग माझ्याकडं ये. तोवर व्हॉल्व्हची ठिगळं मी हातानंच लावणार, खाली काय हाय ते बघून.

मला राग आला. त्या दिवशी चहाच्या गाड्यावर मी हे सगळं तुझ्या आवाजात करून दाखवलं, चष्मा वर करण्यासकट. पोरं लोळून हसली. मी म्हणलं, अक्काला नवीन काही नको असतं. हे बी म्हणलं मी.

मग तुझं पोटाचं दुखणं निघालं. दवाखाना सुरू झाला, तू सकाळी यायचीस आणि जेवणानंतर दाजी रिक्षा घेऊन यायचे. दुखण्यावर एक गोळी होती. ती घेतली की तुझे डोळे जड व्हायचे आणि तू टेबलावर हात ठेवून हातावर डोकं टेकायचीस.

आपल्या ऑफिसाची एक रीत होती आणि ती तुझ्याच नावावर होती. शीट साइटवर गेली तरी मुजीबभाई तुझ्याशी बोलल्याबिगर जेसीबी लावत नव्हते. ठेकेदाराकडचे सुपरवायझर, इतकी वर्षं साइटी केलेला माणूस, पण शीटवर साहेबांची सही असली तरी फोन तुला. तू म्हणायचीस, मी बघितलंय. तेवढं ऐकलं की ते कामाला लागायचे.

त्या दिवशी शीट मी केली होती. आमच्याच तालुक्यातलं गाव. माझ्या कमांडनं सगळी ठिगळं लावून टाकली, व्हॉल्व्हची बी. म्हणलं, तू तपासशील तेव्हा बघशील किती स्वच्छ दिसते. पण साहेबांना घाई होती, त्यांनी तशीच पाठवून दिली. बाकीचे जेवायला गेलेले. तू गोळी घेऊन टेबलावर डोकं टेकवलेलं. आणि तुझा मोबाइल वाजला. मुजीबभाई.

मी का उचलला, ह्याची माझ्याकडं तीन-चार उत्तरं हायत आणि मी ती आलटून पालटून स्वतःला देत असतो. तुझी झोप मोडू नये म्हणून. गंमत म्हणून. सवय म्हणून. आणि एक उत्तर असं की माझी शीट तुझ्या हाताखालून न जाता पास व्हावी, असं मला वाटत होतं. शेवटचं खरं असंल.

मुजीबभाई म्हणले, अक्का, शीट आली, तुम्ही बघितली ना, लावू का मशीन. आणि मी तुझ्या आवाजात, जरासा बसका, शेवटाला खाली नेऊन म्हणलं, "लावा मुजीबभाई. मी बघितलंय."

ते म्हणले, तब्येत सांभाळा. मी म्हणलं हाव. तू जागची हलली बी न्हाईस.

व्हॉल्व्हच्या चेंबरखालून गावाची जुनी, चालू लाइन गेलेली होती. सर्व्हेत ती होती. शीटवर बी होती, माझ्या ठिगळाखाली. जेसीबीनं पहिल्याच खोदाईत ती फोडली. ऐन उन्हाळा. गावाला टँकर लागला, बाया घागरी घेऊन ग्रामपंचायतीवर गेल्या, मुजीबभाईंची कॉलर धरली गेली. त्यांनी साहेबांना एवढंच सांगितलं, अक्का बोलल्या होत्या मी बघितलंय म्हणून.

साहेब तुला रागावले न्हाईत. ते रागावले असते तर बरं झालं असतं, मी घाबरून खरं बोललो असतो. ते हळू आवाजात म्हणले, अक्का, तब्येत अशी असताना तुम्ही हो म्हणायला नको होतं. तू मोबाइल काढून बघितलास. मुजीबभाईंचा फोन आलेला, उचललेला, बोलणं झालेलं. मग माझ्याकडं वळलीस.

"मी बोलले का रे मुजीबभाईशी? तू इथंच होतास ना?"

मी म्हणलं, बोलली असशील अक्का. गोळीच्या झोपेत होतीस.

हे मी माझ्या आवाजात म्हणलं. ह्याला कुणाची नक्कल म्हणता येत न्हाई.

तू मान हलवलीस. साहेबांना म्हणलीस, चूक माझी हाय, ह्या पोराची शीट मी तपासायला पाहिजे होती. त्यानंतर मला वाटलं, आज सांगू, उद्या सांगू. तू यायचीस, चिन्हांवर एकेक ठिगळ तपासत बसायचीस, एका हातानं माऊस आणि दुसरा हात पोटावर. टेबलावर डोकं टेकवणं बंद झालं होतं. मला वाटलं, बरी व्हायलीस. मी तर म्हणलं बी, अक्का, आता झोप येत न्हाई का, फ्रेश दिसायलीस. तू म्हणलीस, न्हाई येत आता. मी मनात म्हणलं, चला, अजून टाइम हाय, पूर्ण बरी झाली की सांगू, पट्टी खाऊ आणि मिटवू. पट्टी खायची माझी तयारी होती. तुझं तोंड बघायची नव्हती.

मग तू यायची बंद झालीस, आणि मग दाजींचा फोन आला.

आमच्याकडं दहाव्याला सगळे कावळ्याकडं बघत बसतात, माणसाला बोलायचं काम नसतं. तुमच्याकडं पुण्यानुमोदनाला भन्तेजींची वंदना झाली की एकेक जण उठतो आणि गेलेल्या माणसाविषयी दोन शब्द बोलतो. हे मला माहीत नव्हतं. मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. घरासमोर मंडप, पुढं तुझा फोटो. पहिल्या रांगेत देगलूरहून आलेली तुझी आई, दाजी, भाऊ. शेजारच्या बाई बोलल्या, तुझ्या वर्गातली एक मैत्रीण बोलली. मग साहेब उठले. चांगलं बोलले, खरंच. तू ऑफिस कसं उभं केलंस ते सांगितलं. आणि शेवटी म्हणले, आजारपणात त्यांच्या हातून एक चूक झाली, त्यांनी ती मनाला लई लावून घेतली, पण एवढ्या वर्षांच्या कामापुढं ती काहीच न्हाई.

मुजीबभाई उठले. त्यांचे डोळे भरलेले. म्हणले, त्या चुकीबद्दल माझ्या मनात काही न्हाई, अल्लाह त्यांना सुकून देवो. सगळ्या मंडपानं मान हलवली. इतक्या मायेनं हलवली, अक्का. तुझ्या आईनं बी हलवली. तिला कळलं होतं की पोरीनं शेवटी काहीतरी चुकवलं आणि लोकांनी मोठ्या मनानं माफ केलं.

मी उठलो. मी उठलेलं बघून ऑफिसातली पोरं जराशी हसली. मी उठलो की हसायचं असतं, त्यांना तशी सवय. मी म्हणलं, अक्काची काही चूक नव्हती. ती शीट माझी, ठिगळ माझं, आणि तो फोन बी मीच उचलला होता.

मग साहेबांनी येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लोकांकडं बघून म्हणले, ह्या पोराचा अक्कांवर लई जीव होता. मागं एक बाई म्हणली, बघा, परक्याचं पोरगं असून अंगावर घेतंय. एका म्हाताऱ्या माणसानं डोळे पुसले. मी खोटं बोलून तुझी अब्रू झाकायलोय, असं वाटलं सगळ्यांना. मी थोर ठरायलो होतो, तुझ्याच मंडपात.

मी म्हणलं, खरं सांगायलोय. मुजीबभाई मान हलवून म्हणले, मी अक्काचा आवाज ओळखत न्हाई का बेटा.

मग दुसरी काही वाटच उरली नव्हती. मी मुजीबभाईंकडं बघितलं आणि तुझ्या आवाजात म्हणलं, "लावा मुजीबभाई. मी बघितलंय."

मुजीबभाई खाली बसले. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. तुझी आई तेवढी माझ्याकडं बघत नव्हती. ती मान वळवून घराच्या दाराकडं बघत होती.

भन्तेजींनी पुढचं सुरू केलं. जेवणं झाली. माझ्याशी कुणी बोललं न्हाई आणि ते बरोबरच होतं. मुजीबभाई जाताना साहेबांजवळ थांबले आणि म्हणले, त्या गावात जाऊन मी सरपंचाला सांगतो, अक्काची चूक नव्हती. मला तेवढंच पाहिजे होतं, अक्का. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला हलकं वाटलं. वाटलं, झालं, तुझं नाव धुवून निघालं, आता साहेब मला काढू दे नायतर ठेवू दे.

मी खुर्च्या एकावर एक रचत होतो. दाजी आले. एसटीत मेकॅनिक माणूस, वर्षानुवर्षं तुला न्यायला यायचे पण ऑफिसची पायरी चढायचे न्हाईत, खालीच उभे राहायचे. त्यांना मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी बी ते मोठ्यानं बोलले न्हाईत. खुर्चीचा दुसरा हात धरून ती रचू लागले आणि म्हणले, तिला सांगितलं होतंस का हे. मी म्हणलं, न्हाई.

"मग मंडपाला कशाला सांगितलंस? ती मला रोज विचारायची, अहो, मी झोपेत बोलते का, तुम्ही ऐकलंय का कधी. मी म्हणायचो, न्हाई गं बोलत. तर म्हणायची, तुम्ही माझं मन राखायला म्हणताव, त्या पोरानं सांगितलंय मला. तुझं नाव घ्यायची. माझ्यापेक्षा तुझ्यावर विश्वास ठेवला तिनं. गोळीनं डोकं चालत न्हाई म्हणली, आणि गोळी बंद केली. डॉक्टर ओरडले, मी पाया पडलो तिच्या. ऐकलं न्हाई. गोळी घेतली की मी अजून कुणाच्या तरी गावाचं पाणी तोडीन म्हणायची. शेवटपर्यंत घेतली न्हाई. तुझ्यासमोर ताठ बसायची आणि इथं रिक्षातनं मी उचलून आत न्यायचो. दातात पदर धरून पडायची. आज तू चार माणसांत खरं सांगितलंस, तुझं झालं. आता तिला गोळी कोण देणार? बोल की. एरवी सगळ्यांच्या आवाजात बोलतोस."